श्वासोच्छ्वास बंद

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खानदेशातली मे महिन्यातली दुपार ज्याने अनुभवली आहे, त्याला भ्यायला रात्र लागत नाही. बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. गावं दारं लावून आत पडलेली असतात. डांबर मऊ पडतं, गरम वारा कानाशी शिट्टी घालतो आणि लांबवर रस्त्यात पाणी साचल्यासारखं चकाकतं. जवळ जावं तर काही नसतं. अशा उन्हात समोरून माणूस येताना दिसला, तरी तो खरंच येतोय का, हे दोनदा बघावं लागतं.

अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पोलीस चौकी आहे. एक खोली, एक कूलर, दारात कडुनिंब आणि बाहेर एक पत्र्याचा फलक. फलकावर 'मदतीसाठी संपर्क' असं लिहून खाली हवालदारांचा मोबाईल नंबर रंगवलेला. हे हवालदार म्हणजे तोताराम. वय अठ्ठावन्नला टेकलेलं, महिनाअखेरीला निवृत्त होणार. सगळे त्यांना नाना म्हणत.

नानांची ख्याती होती ती पंचनाम्यासाठी. टपोरं, सरळ रेषेतलं अक्षर, कुठे खाडाखोड नाही, आणि मजकूर असा चिरेबंद की वकिलाला बोट ठेवायला फट सापडू नये. छत्तीस वर्षांत त्यांचा एकही पंचनामा कोर्टात पडला नाही. "नानांनी लिहिलं म्हणजे घडलं," असं ठाण्यातले लोक चेष्टेने म्हणत. नानांना ते फार आवडायचं. माणसाला कशाचा अभिमान वाटेल आणि तो कधी अंगाशी येईल, सांगता येत नाही.

तर आठ मेला दुपारी एक वाजता नानांनी डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. तेवढ्यात ठाण्यातून फोन आला की दोन वाजता धुळ्याकडून एका मंत्र्यांचा ताफा येतोय, रस्ता मोकळा ठेवा. नानांनी डबा बंद केला आणि मृणालीला मोटरसायकल काढायला सांगितलं. मृणाली चौकीतली शिपाई, भरती होऊन दोन वर्षं झालेली. धुळ्याची पोरगी, बोलायला कमी, बघायला जास्त.

दोन किलोमीटरवर पुनाचं पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या समोरच रस्त्यात पंधरा-वीस माणसं गोल करून उभी होती. ऐन उन्हात एवढी माणसं कुठून उगवली, देव जाणे. मदतीला हाक मारा, एक येणार नाही. तमाशा असू द्या, भुईतून निघतात. प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता आणि प्रत्येकाचा हात पुढे होता, पण सगळे हात व्हिडिओ काढत होते.

मध्ये म्हैस पडली होती.

काळीभोर, कपाळावर पांढरा चांद. मागचे दोन्ही पाय ट्रकने चेचले होते. ट्रक केव्हाच निघून गेला होता. तिच्याखालून रक्ताचा ओघळ निघून डांबराच्या कडेपर्यंत गेला होता आणि उन्हाने तिथेच आटत चालला होता. रक्त, शेण आणि तापलेलं डांबर यांचा एकच वास येत होता. तिचं पोट मोठं होतं, एका बाजूला झुकलेलं. गाभण होती. ती हंबरत नव्हती. नुसता श्वास घेत होती. आत ओढलेला लांब श्वास, मग घशात बुडबुडा फुटल्यासारखा आवाज, मग एवढा मोठा खंड की वाटावं, झालं, संपलं. आणि मग पुन्हा श्वास.

मृणाली गुडघ्यावर बसली. तिने आपली पाण्याची बाटली म्हशीच्या तोंडाशी नेली. जीभ हलली.

"नाना, डॉक्टरला बोलवा ना."

नानांनी फोन लावला, नाही असं नाही. जनावरांच्या दवाखान्यातून उत्तर आलं की साहेब लग्नाला गेलेत, संध्याकाळी येतील. मग नानांनी पलीकडच्या जिल्ह्याच्या चौकीला फोन लावला. दोन जिल्ह्यांची हद्द तिथून हाकेवर. तिकडच्या हवालदाराने एकच विचारलं, दगडाच्या अलीकडे की पलीकडे? नानांनी पावलं मोजली. म्हैस हद्दीच्या दगडापासून तेहतीस पावलं अलीकडे होती. "मग तुमचीच," म्हणून त्याने फोन ठेवला. तेहतीस पावलांनी कुणाचं नशीब असं ठरतं.

बंदोबस्तासाठी मागवलेला जेसीबी तोवर आला. दीपक नावाचा चालक वरूनच म्हणाला, "नाना, आधी कागद. मरेल जनावरना कागद दखाडा, मंग बकेट लावस."

"अरे, बाजूला तर सरकव."

"जित्तं जनावर मी उचलस नही. मांगे एक उचलं व्हतं, लोकेसनी व्हिडिओ काढा. रातभर ठाणामा बसाडं माले."

त्याचंही चूक नव्हतं. इथली रीतच अशी आहे. जिवंत जनावराला हात लावला की हात लावणारा अडकतो. मेलं की सगळे मोकळे. मेलेल्यासाठी जेसीबी आहे, खड्डा आहे, कागद आहे. जिवंतासाठी फक्त मोबाईल.

एक पस्तीस झाले होते. नानांनी म्हशीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाले, असंही पाच-दहा मिनिटांचीच सोबत. नंतर ते स्वतःला हेच सांगत राहिले, आणि तेव्हा ते खरंही वाटलं असेल. त्यांनी मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि पंचनामा लिहायला घेतला.

"नाना..." मृणाली उठून जवळ आली. "श्वास चालू आहे तिचा."

"जाईल आता. तू गर्दी हटव."

"जाईपर्यंत तरी थांबा ना."

"ताफा थांबणार आहे का?"

'सदर म्हैस मयत स्थितीत मिळून आली' इथवर आले आणि पेन चालेना. नानांनी झटकलं, नखावर ओढलं. कोरडं. त्यांनी मृणालीकडे हात केला. तिच्या खिशाला निळं पेन लावलेलं स्पष्ट दिसत होतं.

"माझ्याकडे पेन नाही," मृणाली म्हणाली.

नाना तिच्याकडे क्षणभर बघत राहिले. मग गर्दीतल्या कुणाचं तरी पेन घेऊन त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं. 'श्वासोच्छ्वास बंद.' वेळ, एक वाजून चाळीस मिनिटं. नेमकं तेव्हाच म्हशीने श्वास सोडला आणि नानांच्या हाताखालचा कागद फडफडला. वारा होताच, वाऱ्यानेही फडफडला असेल. पण वारा गरम होता, आणि हा श्वास ओला होता.

आता पंच हवेत दोन. पंच म्हटल्यावर गर्दी अशी पांगली की जमली होती की नाही अशी शंका यावी. पुना दुकानाचं शटर ओढायला लागला, त्याला नानांनी धरलं.

"नाना, माले पंच करू नका. कोर्टना चकरा मारी मारी चप्पल घसाई गयी मनी."

"सही कर. कोर्ट-फिर्ट काही होत नाही. जनावराचं आहे."

पुनाने म्हशीकडे न बघता सही केली. दुसरी सही दीपकने केली, जेसीबीवरूनच. मग बकेट खाली आली. दोनला पाच कमी असताना ताफा सुसाट गेला. काळ्या काचेतून कुणी बाहेर पाहिलंही नाही. पुनाच्या दुकानामागे नाल्याच्या काठाला खड्डा झाला होता, तो भरूनही झाला होता. शेवटची माती पडली तेव्हा मृणाली पाठ करून उभी होती. दीपक खाली उतरला आणि बराच वेळ आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसला. "लिव्हर हातमा थरथरनं," एवढंच तो म्हणाला. आठवड्याने तो काम सोडून सुरतला निघून गेला, असं ऐकलं.

संध्याकाळी एक बाई चौकीत आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय मातीने भरलेले, हातात रिकामं दावं. बेबाबाई तिचं नाव. पुनाच्या दुकानामागे तिचं शेत होतं.

"भाऊ, मनी म्हैस देखी का कोठे? कपायवर चांद शे. रंगी नाव शे तिनं. पंधरा दिनमा व्यानार व्हती."

नानांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग पंचनाम्याची प्रत काढून समजावून सांगितलं, तिच्याच बोलीत. "एक चाळीसले मरी गयी ती, अक्का. काही करता उनं नही."

बेबाबाईने मान हलवली. रडली नाही. नुसती मान हलवत राहिली.

"नही भाऊ. चार वाजता मी वावरमा व्हतू. तिनी माले हाक मारी. तीन येळा. तिना आवाज मी वळखस."

"दुसरी कुणाची असेल."

"बठ्ठा वावर फिरनू. आवाज तं ये, पन म्हैस दखाये नही." ती थांबली. तिचा आवाज एकदम खाली गेला. "खालथून ये आवाज, भाऊ... जमीनना खालथून."

नानांनी प्रत पुढे सरकवली. बेबाबाईने हात मागे घेतला.

"जी मरेलच नही, तिना कागद मी कसाले लेऊ?"

ती दावं घेऊन निघून गेली. मृणालीने कोपऱ्यात बसून सगळं ऐकलं होतं. नानांना वाटलं, एखादा शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं.

चौथ्या दिवशी पहिला फोन आला.

"हवालदार साहेब का? फलकावर नंबर बघितला. इथे रस्त्यात म्हैस पडलीय हो. जिवंत आहे. कुणीतरी या." बोलणारा कुणी प्रवासी असावा, घाईतला, पण भला माणूस. त्याच्या आवाजामागे आणखी एक आवाज होता. लांब ओढ, बुडबुडा, खंड.

नानांनी घड्याळ बघितलं. एक चाळीस.

दोघं गेले. पुनाचं दुकान बंद. रस्त्यावर कुणी नाही, काही नाही. फक्त डांबरावर एक ओलसर डाग, म्हशीएवढा. त्रेचाळीस डिग्रीत पाणी सांडलं तर दोन मिनिटांत उडतं. हा डाग ते बघत असेपर्यंत तसाच होता.

मग दिवसाआड फोन येऊ लागले. प्रत्येक वेळी वेगळा नंबर, वेगळा माणूस. कधी बाई, कधी म्हातारा, एकदा तर नवरा-नवरी घेऊन निघालेल्या गाडीतला कुणीतरी, मागे बँडवाल्यांची बडबड. प्रत्येक वेळी तीच म्हैस आणि तीच वेळ. परत फोन लावला की नंबर अस्तित्वात नाही. नानांनी कुणा टवाळखोराचं काम म्हणून दोघातिघांना दमही दिला. आतून मात्र त्यांची गाळण उडाली होती. घरी बायको द्रौपदाबाई म्हणाली की तुम्ही झोपेत श्वास धरून ठेवता, केवढा वेळ, मग मीच घाबरून हलवते. नानांना माहीत होतं. ते मोजत असत. म्हैस पुढचा श्वास घेईपर्यंत यांचा आत अडकून बसायचा.

पंचवीस तारखेला फोन आला तेव्हा नाना आधीच तिथे जाऊन उभे होते. मुद्दामच. मृणाली मोटरसायकलपाशी थांबली होती. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा, चकाकणाऱ्या पाण्यापर्यंत रिकामा.

"साहेब, म्हैस पडलीय इथे," एक बाई सांगत होती. "जिवंत आहे हो."

"मी तिथेच उभा आहे," नाना म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "इथे काही नाही. तुम्ही कुठून बोलताय?"

"इथूनच. गर्दीत आहे ना मी... तुम्ही दिसताय मला." बाई थोडी थांबली. मग दबक्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "साहेब... बाजूला व्हा. तिच्या पोटावर पाय दिलाय तुम्ही."

नानांनी खाली पाहिलं. डांबर होतं. पण बुटाखालचं डांबर वर आलं, आणि खाली गेलं. सावकाश. आणि आतून काहीतरी, अगदी बारीक, त्यांच्या टाचेवर एकदा आपटलं.

मृणालीने त्यांना धरून सावलीत नेलं. "ऊन लागलं असेल," नाना म्हणाले. मृणाली म्हणाली, "नाही नाना. मलाही दिसलं ते." बास, एवढंच. पण त्या वाक्याने नाना कोसळलेच. एकट्याचं भय असतं तोवर त्याला वेड म्हणता येतं.

ते तसेच उठून बेबाबाईच्या शेतात गेले. ती बांधावर बसली होती, दावं मांडीवर. नानांनी टोपी काढली. छत्तीस वर्षांत त्यांनी कुठल्या साहेबासमोर काढली नसेल अशी काढली.

"अक्का, काय करू मी?"

बेबाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच फार कठीण होतं.

"तुमी तिले कागदवर मारी टाकं, भाऊ. आते ती बिचारी मरी तरी कशी? एक जीव कितला येळा मरस?" मग हळूच म्हणाली, "तिले मोकळी करा. रोज दुपारले हाका मारस माले."

नानांना एकच वाट सुचली. त्यांनी कागदाने अडकवलं होतं, सोडवणंही कागदानेच होईल. खड्डा उघडायचा, डॉक्टरने बघायचं, आणि खऱ्या डॉक्टरच्या खऱ्या सहीने तिला एकदाचं मरू द्यायचं. कारण काय लिहावं? नानांनी लिहिलं की खड्डा उथळ आहे, कुत्री उकरतात, रोगराईची भीती आहे. खोटंच होतं. त्या खड्ड्याकडे एक कुत्रं फिरकत नव्हतं, एक माशीसुद्धा बसत नव्हती. पण असल्या खोट्यावर हुकूम निघायला कधी अडचण येत नाही. तीन दिवसांत हुकूम निघाला.

तीस तारीख. निवृत्तीला एक दिवस राहिलेला. दुपारी एकला नवा जेसीबी आला, नवा चालक आला. पुना आला, बेबाबाई आली. आणि डॉक्टर आले. जिवंत म्हशीसाठी न आलेले डॉक्टर मेलेलीसाठी वेळेवर, नाकाला रुमाल बांधून आले. बावीस दिवस झालेलं जनावर म्हणजे काय असतं ते त्यांना ठाऊक होतं.

माती निघू लागली. सगळे वास येण्याची वाट बघत होते. वास आला नाही. शेवटची माती चालकाने फावड्याने बाजूला केली आणि तो दोन पावलं मागे सरला.

रंगी तशीच होती. काळीभोर, कपाळावर चांद. डोळे उघडे, डोळ्यांत माती. कातडीवर एक डाग नाही, पोट फुगलेलं नाही, फक्त गाभणपणी होतं तेवढंच. बेबाबाईने तोंडावर पदर घेतला.

डॉक्टर खाली उतरले. त्यांनी रुमाल सोडला, मानेवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"हवालदार..." ते वर बघून म्हणाले. "ही आत्ता मेलीय. अंग गरम आहे हिचं."

नानांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. एक चाळीस. त्यांना पहिल्यांदा वाटलं ते समाधान. खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंच वाटलं. छातीत बावीस दिवस अडकलेला श्वास बाहेर पडला. गेली बिचारी. मोकळी झाली. आपणही झालो.

पण डॉक्टरांनी नळी कानाला लावून तिच्या पोटावर ठेवली होती. ते ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यांनी नळी काढली आणि न बोलता नानांपुढे धरली.

नाना खड्ड्यात उतरले. गुडघ्यावर बसले, नळी कानाला लावली. आधी काहीच नाही. मग, खूप आतून, बारीक, भराभर. टिकटिक... टिकटिक... टिकटिक.

"पोट चिरायला लागेल," डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आत्ताच. पाच मिनिटांत काढलं नाही तर..." त्यांनी बॅगेकडे पाहिलं, आणि बॅग उघडली नाही. "पण मी लिहू काय? बावीस दिवस गाडलेल्या म्हशीच्या पोटात रेडकू जिवंत मिळालं? मला वेड्यात काढतील. चौकशी लागेल. तुमच्या पंचनाम्याचं काय होईल? एक चाळीस, आठ मे लिहिलंय तुम्ही. मग जिवंत म्हैस गाडली असा अर्थ होतो. गुन्हा आहे तो. उद्या निवृत्त होताय ना?"

खड्ड्याच्या काठावर माणसं जमली होती. कुठून आली, देव जाणे. सगळ्यांचे हात पुढे होते आणि हातात मोबाईल होते.

"मी तुमच्या कागदाशी जुळवून घेतो," डॉक्टर हळू म्हणाले. "तीच तारीख, तीच वेळ. तुम्ही बोला फक्त."

"नाना, काढा त्याला!" मृणाली वरून ओरडली. तिने खिशातलं निळं पेन काढलं होतं आणि ते पुढे धरलं होतं. "खरं लिहा. हे घ्या. मी सही करते, काय व्हायचं ते होऊ दे. नाना!"

पुना बघत होता. बेबाबाई बघत होती. नानांनी कानातली नळी काढली. टिकटिक थांबली नाही. ती आता नळीशिवायही ऐकू येत होती, निदान त्यांना. त्यांना निवृत्तीचा हार दिसला, साहेबांचं भाषण दिसलं, छत्तीस वर्षांत एकही पंचनामा न पडलेला माणूस दिसला. तो माणूस फार छान दिसत होता.

ते खड्ड्यातून वर आले. हाताची माती झटकली.

"माती टाका," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी सही केली. पुनाने सही केली, मान खाली घालून. बेबाबाईने आपलं दावं खड्ड्यात टाकलं आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. जेसीबीची बकेट वर गेली. मृणालीने ते पेन नाल्यात भिरकावून दिलं. काठावरची माणसं पांगली होती. जाताना दिसली कुणालाच नाहीत.

एकतीसला हार झाला, भाषण झालं, शाल-नारळ झालं. साहेब म्हणाले की तोतारामांच्या लेखणीला तोड नाही. त्याच संध्याकाळी मृणालीने रंगाचा डबा घेऊन फलकावरचा त्यांचा नंबर खरडून काढला आणि तिथे स्वतःचा रंगवला. नाना शाल खांद्यावर घेऊन ते बघत उभे होते. "बरं केलंस," ते म्हणाले. ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यानंतर कधीच बोलली नाही.

एक जूनला नाना अमळनेरच्या घरी जेवून आडवे झाले. द्रौपदाबाईने कूलर लावला, खिडक्यांना चादरी लावल्या. खोलीत अंधार झाला. नानांनी श्वास मोजायचा प्रयत्न केला, पण मोजायला काही नव्हतं. कुठेच कुणी लांब ओढ घेत नव्हतं, घशात बुडबुडा फुटत नव्हता. सगळं शांत. म्हैस मेली होती, खरोखरच मेली होती. त्यांना पहिल्यांदा झोप येऊ लागली.

उशाशी फोन वाजला.

अनोळखी नंबर. नानांनी वेळ बघितली नाही. बघायची गरजच नव्हती.

"हवालदार साहेब का?" एक तरुण आवाज, घाईतला, भल्या माणसाचा. "फलकावर तुमचा नंबर बघितला. इथे पंक्चरच्या दुकानासमोर आहे मी."

"तो नंबर... पुसलाय."

"नाही हो, आत्ताच चौकीवर बघून आलो." आवाजामागे गर्दीची कुजबुज होती आणि त्या कुजबुजीतून, बारीक, भराभर, टिकटिक. "साहेब, रस्त्यात एक रेडकू पडलंय. आत्ताच जन्मल्यासारखं दिसतंय, अजून ओलं आहे. अंगाला माती लागलीय सगळी, आणि पायात दावं अडकलंय."

नाना उठून बसले.

"जिवंत आहे हो," तो माणूस म्हणाला. "लोक नुसते व्हिडिओ काढताहेत. आणि ते उठायला बघतंय, साहेब... उठलं... अमळनेरच्या रस्त्याला लागलंय."